पुंजाराम रखमाजींची नोंद

तीर्थपुरी,
सप्टेंबर २००९

प्रिय वसंता,

तुझे फोन येत होते. वाजून बंद होईपर्यंत मी फोनकडे बघत बसायचो. मग तुझा मेसेज आला, 'ब्लॉग परत कधी सुरू करतोयस? लोक विचारतात.' प्रश्न एका ओळीचा आहे, पण फोनवर उत्तर द्यायला गेलो की माझा आवाज कापतो आणि समोरचा माणूस 'बरं बरं' म्हणून विषय बदलतो. म्हणून कागदावर लिहितो आहे. आधी कच्चं लिहिलं, आता पक्कं लिहितो आहे. शाळा अर्ध्यात सुटली तरी ही सवय सुटली नाही, तुला माहीत आहे. ब्लॉग चालवायचा की नाही, एवढंच असतं तर मी तुला हो म्हणून मोकळा झालो असतो. तुला मी कधी नाही म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. पण त्या ब्लॉगपायी आमच्या घरात जे झालं त्यातलं अर्धंच तुला ठाऊक आहे, आणि उरलेलं अर्धं तुला ऐकावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी तू यात्रेला आलास तो दिवस आठव. मी तेव्हा नुकताच इथल्या नेट कॅफेत लागलो होतो. झेरॉक्स काढायच्या, लोकांचे अर्ज टाइप करायचे, लाइट गेली की इन्व्हर्टर सांभाळायचा. तू माझ्या खुर्चीवर बसलास आणि लाइट जायच्या आत ब्लॉग उघडून दिलास. नाव मी सुचवलं, 'गावाकडची खबर'. तू म्हणालास, "आपलं अर्धं गाव पुण्यात, औरंगाबादेत, सुरतेत जाऊन बसलंय. एकेकाला फोन करत बसण्यापेक्षा तू लिही, आम्ही सगळे वाचू. तुझ्याइतकं नेटकं आपल्यात कुणाला येतंय?" पासवर्ड आपण दोघांनी मिळून ठरवला आणि तू हसून म्हणालास, "झालास बघ पेपरवाला." बाकावर तुझ्या शेजारी बसून तुझे निबंध लिहिणाऱ्या मला त्या दिवशी जे वाटलं, ते मी कुणाला सांगितलं नाही. अकरावीत बाबांचा पाय गवंडीकामाची परांची बांधताना मोडला आणि माझं कॉलेज सुटलं, त्यानंतर मला पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या अक्षरासाठी विचारत होतं.

मी ते काम जिवापाड केलं. मुक्कामाची एसटी बंद झाली ते लिहिलं, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं ते लिहिलं, तुझ्या वडिलांची म्हैस ग्रामपंचायतीच्या ऑफिसात शिरून सरपंचाच्या खुर्चीपाशी बसली तेही लिहिलं. त्यावर तुम्ही पुण्याच्या पोरांनी किती धिंगाणा घातलात, 'बिनविरोध निवडून आली का' म्हणून. नोंद टाकण्याआधी मी तीनतीनदा वाचायचो. नाव चुकलं तर माणूस दुखावतो. मयताच्या नोंदीवर लगेच लग्नाची नोंद दिसली तर बायांना ते बरं वाटत नाही, म्हणून मधे पावसाची नाहीतर कापसाच्या भावाची नोंद सोडायचो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाचणारे बहुतेक सोमवारी ऑफिसात गेल्यावर उघडतात, हेही माझ्या ध्यानात आलं होतं. म्हणून मोठी खबर असली की रविवारपर्यंत ती तिथं असेलच, असं बघायचो.

मयताची पहिली नोंद तुमच्या थोरल्या चुलतीची, दुर्गाबाईंची. तुझे वडील, अण्णासाहेब, स्वतः कॅफेत आले. तोवर ते आमच्या कॅफेची पायरी चढले नव्हते. म्हणाले, "भुजंगा, लिहून टाक बाबा, म्हंजे पोरं जल्दी निघतील." मी लिहिलं. दुपार कलायच्या आत गाड्या येऊन लागल्या. दुर्गाबाईंच्या दोन्ही पोरांना आईचं तोंड बघायला मिळालं. अण्णासाहेबांनी चार माणसांत माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्या पोरानं काम केलं." मी घरी जाऊन मायला तो हात कुठं ठेवला ते दाखवलं. माय हसली. बाबा तंबाखू मळत राहिले.

त्यानंतर ते ठरूनच गेलं. कुणी गेलं की मोटरसायकलवर माणूस यायचा, कॅफेत नसलो तर रानात, रानात नसलो तर वस्तीत. "भुजंगाला सांगा, तो कळवील." मग म्हणायला लागले, सुरतेच्या म्हाताऱ्यांना नेट बघता येत नाही, त्यांना फोन कर. मग एकदा शिवाजी, तुझा चुलतभाऊ, म्हणाला, "केदारखेड्याच्या पाव्हण्यांचा फोन लागून न्हाई राह्यला. तू जरा जाऊन ये ना, गाडी घेऊन जा माझी." मी गेलो. वसंता, मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. खबर पोचवायची म्हणजे पोचवायची. केदारखेड्यात त्या घराच्या अंगणात उभा राहून मी सांगितलं. रडारड झाली. मग आतल्या एका म्हातारीनं विचारलं, "कुणाचा रे तू?" मी सांगितलं, रखमाजीच्या पुंजारामाचा. ती डोळे पुसत पुसत सुनेला म्हणाली, "सांगावा घेऊन आलाय त्यो. त्याला च्या दे, भाईर दे." चहा ओट्याच्या कडेवर ठेवला गेला. दांडी तुटलेला कप होता. भूक लागली होती, उन्हातून आलो होतो. मी तो प्यायलो, विसळला आणि पालथा घालून ठेवला. विसळायला मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातानं ते आपोआप केलं.

घरी येऊन मी हे सहज सांगितलं. जेवता जेवता, म्हातारी कशी बोलली त्याची नक्कल करून. बाबा उठले, ताट तसंच ठेवून.

तुला आमच्या आज्याची, रखमाजीची गोष्ट कधी कुणी सांगितली नसेल. तुमच्या घरात ती सांगण्यासारखी नाही. गावात मयत झालं की आमच्या माणसानं काठी घ्यायची आणि पाव्हण्यांच्या गावोगाव चालत जायचं. ऊन असो, गोदावरीला पाणी असो. दाराबाहेर उभं राहून सांगायचं, शिळी भाकर फडक्यात बांधून घ्यायची आणि पुढच्या गावाला लागायचं. नाही म्हणायची सोयच नव्हती. नागपूरच्या धर्मांतरानंतर आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा आजा चावडीवर जाऊन सांगून आला, "आजपासून सांगावा न्यायचा न्हाई. ज्याचं मयत, त्यानं जावं." त्या साली वस्तीला कुणी कामाला बोलावलं नाही, विहिरीवर येऊ दिलं नाही. आजा-आजी खडी फोडायला परभणीकडे गेले. धाकटी आत्या त्या खडीवरच तापानं गेली. तिच्या मयताचा सांगावा आणायला कोण होतं? बाबा तेव्हा शेळ्या वळायच्या वयाचे होते. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि तरी केदारखेड्याच्या ओट्यावर मला ते आठवलं नाही. कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला काठी कुठून दिसणार?

बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. मी समजावायचो. म्हणायचो, बाबा, हे तसलं नाही. हे मी माझ्या मर्जीनं करतो, मला मान आहे, अण्णासाहेब मला पोरगा म्हणतात. एकदा ते दाढी करत होते, आरशातच बघत म्हणाले, "माझ्या बापानं जे काम पोटाला चिमटा घेऊन टाकून देल्तं, ते तू खुर्चीवर बसून करून राह्यला." मी म्हणालो, मर्जीनं करतो. तेव्हा त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले. "मर्जीनं ना? मंग एकदा न्हाई म्हणून बघ. बिलकुल एकदाच. माणसं हसून म्हणली, बरं बाबा, आम्ही करतो, तर मी तुझ्या पाया पडतो."

मी ते मनात ठेवलं आणि भीत भीत दिवस काढले. कुणी मरू नये असं मी रोज मनात म्हणायचो, खोटं सांगत नाही. तुझे तातेरावकाका, प्रभावतीचे वडील, गेले तेव्हा शिवाजी कॅफेत आला. गाडी चालूच ठेवून दारातून म्हणाला, "टाक रे, दोन ओळी. आणि प्रभावतीला औरंगाबादला फोन कर." मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो, "शिवाजीभाऊ, इथं बसा, मी दाखवतो. तुम्हीच लिहा, तुमचे चुलते. लगेच जमतं. इथून पुढं ज्याचं त्यानं लिहावं, पासवर्ड मी सगळ्यांना देतो." एवढंच म्हणालो. एक शब्द वाकडा नव्हता. शिवाजीनं पायरीवरनं पाय मागं घेतला. मग म्हणाला, "आम्ही? आता हे आम्ही करायचं का?" कॅफेत बसलेली पोरं हसली. ती कुणाला हसली ते मला कळलं नाही, शिवाजीला वाटलं त्याला. जाताना तो म्हणाला, "लई शिकलास रे, अकरावी नापास." मी नापास नव्हतो, वसंता. मी परीक्षेला बसलोच नव्हतो.

आणि त्यानं घरी जाऊन काय सांगितलं? 'भुजंगाला सांगून आलो.' त्यावर सगळे निश्चिंत झाले. त्या घरात किती मोबाइल होते, तूच मोज. एकालाही वाटलं नाही की आपण प्रभावतीचा नंबर लावावा. सांगणं हे आपलं काम आहे, असं त्या घरात कुणाला वाटतच नाही. प्रभावती शाळेत शिकवत होती. तिला संध्याकाळी कळलं, तोवर सगळं उरकलं होतं. तिनं ब्लॉगवरच्या शेवटच्या, पावसाच्या नोंदीखाली लिहिलं, 'माझ्या वडिलांचं तोंड मला बघू दिलं नाही.' ते वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिचं दुःख खरं आहे. त्यात माझा वाटा किती, हे मी रोज तोलतो आणि रोज वेगळं उत्तर येतं. पण तिच्याखाली तू लिहिलंस, 'भुजंगकडून ही अपेक्षा नव्हती.' आणि फोनवर म्हणालास, "दोन ओळी लिहायला तुझं काय जात होतं रे?" तू शिवाजीला काही विचारलंस का? मी वाट बघितली, तू म्हणशील, घरातल्यांनी फोन का नाही केला. हा विचारच तुझ्या मनात आला नाही.

पुढचं तुला माहीत नाही, कारण ते मी लिहिलं नाही. कॅफेच्या मालकानं मला चार दिवस घरी थांब म्हणून सांगितलं, ते चार दिवस अजून संपले नाहीत. बाबांचं गवंडीकाम थांबलं. ज्या घरांच्या भिंती त्यांनी बांधल्या त्या घरांतून, "तूर्त काम न्हाई," असा निरोप आला. गिरणीत मायचा डबा सगळ्यांच्या मागं ठेवतात. मारहाण नाही, शिवी नाही. पोरं मात्र ओरडतात, "ए इंटरनेट!" आणि एक गोष्ट झाली. मी नाही म्हणून आलो त्या दिवशी बाबांनी मला शेजारी बसवून जेवायला घेतलं. खर्डा आणि भाकरी होती. स्वतःच्या ताटातला कांदा फोडून अर्धा माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाले, "पाया पडायचं राह्यलं माझं." आम्ही दोघं हसलो. कितीतरी महिन्यांनी हसलो. मग काम नसलं तरी ते खुशीत असायचे. वस्तीतल्या सगळ्यांना सांगायचे, "माझ्या पोरानं आज्याचं नाव राखलं." मी आतून घाबरलेलाच होतो. त्यांच्यासारखं मला कधी खुश होता आलं नाही.

त्या शुक्रवारी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. घामानं सदरा भिजला. फाट्यावर आणून मी त्यांना दगडावर बसवलं, मायनं डोकं धरलं. शिवाजीची भाड्याची, सवारी नेणारी जीप आली. मी रस्त्याच्या मधे उभा राहिलो, तेव्हा थांबली. मागच्या बाकावर जागा होती, ती मी डोळ्यांनी बघितली. शिवाजी समोर बघून म्हणाला, "सीट बुक हायेत. पुढं माणसं उभी हायेत." मी हात जोडले, वसंता. मी म्हणालो, "शिवाजीभाऊ, मी लिहितो. सगळं लिहितो. तुम्ही सांगाल ते, सांगाल तिथं जातो." बाबांनी ते ऐकलं. ते दगडावर बसले होते, बोलता येत नव्हतं, पण त्यांनी मान हलवली, नको म्हणून. तू असं म्हणू नको म्हणून. जीप गेली. मागून दुसरी आली, ती थांबलीच नाही. शेवटी एक रिकामा ट्रॅक्टर आला, परगावचा, त्यानं घेतलं. घनसावंगीला पोचायच्या आधीच ते गेले. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. ते खरं असेल. ते खरं आहे असं मी धरून चालतो, नाहीतर मला उठून बसता येणार नाही. वस्तीतला संपत म्हणतो, तक्रार कर. कशाची करू? जीप भरली होती असं शिवाजी म्हणेल आणि जीपमधली माणसंही तेच म्हणतील. पण जाताना माझ्या बापानं शेवटचं काय ऐकलं, तर मी हात जोडून 'लिहितो' म्हणालो ते. ही तक्रार कुठं करायची असते?

शनिवारी मी दुसऱ्या कॅफेत जाऊन नोंद लिहिली. दोन वर्षं मी सगळ्यांच्या लिहिल्या, ही माझी होती. 'पुंजाराम रखमाजी, गवंडी, यांचं शुक्रवारी निधन झालं. गावातली बरीच घरं त्यांच्या हातची आहेत. फाट्यावर त्यांना जीपमध्ये जागा मिळाली नाही.' एवढंच. शिवाजीचं नाव घातलं नाही. आज्याची गोष्ट घातली नाही. तीनदा वाचली, प्रकाशित केली. रविवारी सकाळी बघितलं तर खाली एकच टिप्पणी होती. सुरतेच्या मालनबाईंची, नातवाकडून लिहून घेतलेली: 'पुंजारामभाऊंनी आमची चूल बांधून देल्ती. लई वाईट झालं.' रविवारी संध्याकाळी पुन्हा उघडलं तेव्हा नोंद नव्हती. मला वाटलं नेटचा घोटाळा आहे. पान पुन्हा पुन्हा उघडलं. वरती पुन्हा ती जुनी पावसाची नोंद होती, तिच्याखाली प्रभावतीची ओळ. बाबांची नोंद गेली होती, मालनबाईंच्या चुलीसकट. उजाडला की सोमवार होता. लोक ऑफिसात उघडणार होते आणि त्यांना पाऊस दिसणार होता. आणि बुधवारी तुझा मेसेज आला, ब्लॉग कधी सुरू करतोयस.

पासवर्ड दोघांकडेच आहे, वसंता. मी सगळ्यांना देतो म्हणालो होतो, पण दिला नव्हता. तू का काढलीस, हे मी विचारत नाही. गावाचं नाव खराब होतं, वाद नको, अण्णासाहेबांना त्रास होईल, हे सगळं मी तुझ्याच आवाजात स्वतःला सांगून बघितलं आहे. नोंद परत टाकू नकोस. मीही आता तिथं काही लिहिणार नाही, हे तुझ्या मेसेजचं उत्तर. पण माझे बाबा गेले हे मालनबाई सोडल्या तर बाहेरगावच्या कुणालाच कळलेलं नाही, आणि हे पत्र मी एकाच कामासाठी लिहितो आहे. पुण्यातली आपल्या गावची घरं तुला माहीत आहेत. तू त्यांच्याकडे जा. फोन करू नकोस, जा. प्रत्येक दारात उभा राहा आणि सांग, पुंजाराम रखमाजी गेले. ते विचारतील, कोण पुंजाराम? तर त्यांच्या गावाकडच्या घराची कोणती भिंत ती सांग. मग पुढच्या घरी जा. औरंगाबादला प्रभावतीकडे शेवटी जा, मी हे का मागतो, ते तिला सगळ्यात आधी उमजेल. माझ्या बापाचा सांगावा एकदा तुमच्या घरातल्या माणसानं न्यावा, एवढीच माझी मागणी आहे. तू जाशील असं मला वाटत नाही. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. तू नाही म्हणालास म्हणून तुझ्या माणसासाठी जीप थांबायची राहणार नाही.

अजून तरी तुझाच,
भुजंग